वर्गातला नवा भिडू

मुलांनो, दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली, की आमच्या निफाड तालुक्यातल्या शाळांच्या दारात दोन-चार नवी मुलं हमखास येऊन उभी राहतात. कुणाच्या कडेवर धाकटी बहीण, कुणाच्या हातात नुसतीच पिशवी. ही मुलं पेठ-सुरगाण्याकडून आई-वडिलांबरोबर आलेली असतात. द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी झाली, की घडांची विरळणी, डिपिंग आणि मग जानेवारीपासून काढणी, अशी कामं उन्हाळ्यापर्यंत चालतात. मजुरांची टोळी बागेवर मुक्कामाला आणि मुलं जवळच्या शाळेत. म्हणजे एका वर्षात दोन शाळा!

माझंही लहानपण थोडं असंच गेलं. वडिलांची बदलीची नोकरी. सातवीपर्यंत माझ्या चार शाळा झाल्या. शाळा बदलली की मैत्रिणी सुटतात, एवढंच दुःख असतं असं मोठ्यांना वाटतं. ते तर असतंच. पण खरी गडबड होते अभ्यासाची. पुस्तक तेच, बालभारतीचं; शिकवण्याचा वेग मात्र प्रत्येक शाळेचा वेगळा. दशांश अपूर्णांक मला दोन शाळांनी दोनदा शिकवले आणि लसावि-मसावि एकीनेही नाही! जुन्या शाळेत तो धडा यायचा होता, नव्या शाळेत होऊन गेला होता. नव्या बाईंना वाटलं, पोरगी गणितात कच्ची. पोरगी कच्ची नव्हती हो, तिचं मधलं पान सुटलं होतं.

खेळाचंही तेच. लगोरीत एका गावी चेंडू कुठंही लागला की बाद, दुसऱ्या गावी फक्त पाठीला लागला तरच. नियम विचारावा तर पोरी खुदुखुदु हसायच्या. पहिला आठवडाभर मला नावच नसायचं. नुसतं ‘ती नवी’!

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आपल्या निफाडचेच. १८ जानेवारी १८४२ रोजी त्यांचा जन्म इथे झाला. पण वडिलांची नोकरी कोल्हापूरला, म्हणून शाळा कोल्हापुरात आणि पुढचं शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये. ‘बघा, त्यांचं काही अडलं का?’ असं आपण पटकन म्हणतो. मला ही तुलना पटत नाही. त्यांच्या घरात कायमची नोकरी होती आणि मुंबईला ते गेले ते पुढे शिकायला. बागेवरची मुलं दर वर्षी येतात आणि अर्ध्यातून परत जातात. त्यातल्या कितीतरी जणांच्या घरी कोकणा बोली, त्यामुळे पुस्तकातली मराठीसुद्धा त्यांना निम्मी परकीच.

पालकहो, कायदा या मुलांच्या बाजूने आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार ६ ते १४ वर्षांच्या मुलाला दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाता येतं आणि जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. तेव्हा ‘दाखला नाही, पुढच्या वर्षी बघू’ म्हणून लेकराला धाकट्या भावंडाजवळ बागेवर बसवू नका. चार महिने बुडाले की मूल मागे पडतं. मागे पडलेल्या मुलाला वर्गात बसायची लाज वाटते आणि मग ते यायचंच बंद होतं.

दाखला मागाहून येईना का, पण जुन्या शाळेच्या वह्या बोचक्यात जरूर बांधा. नवा मुलगा आला की मी आधी त्याची वही मागते. मागे एका मुलीने पावसात भिजून फुगलेली वही दाखवली. त्यात तीन अंकी गुणाकार अगदी नीटनेटके, भागाकाराचं मात्र एकच उदाहरण, तेही अर्धवट. मग आम्ही दोघी तिथूनच पुढे निघालो. तिच्या शेजारच्या मुलीला मी एवढंच सांगितलं, की मधल्या सुट्टीत हिला आपल्या लगोरीचे नियम सांग आणि तिच्या गावचेही विचारून घे.