कांजिण्या : ना देवी, ना कोप

उन्हे तापू लागली की आपल्या वस्त्यांत कांजिण्या येतात. घाटकोपरचे माता रमाबाई आंबेडकर नगर असो की मुलुंड-बोरिवलीच्या डोंगराखालच्या गल्ल्या, दाराला कडुनिंबाची डहाळी दिसली की समजावे. ‘माता आली आहे, औषध द्यायचे नाही, आंघोळ घालायची नाही’ हे आम्ही आजही ऐकतो; १९५६ च्या बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या घरांतही ऐकतो.

आजीच्या दंडावरचा वण देवी काढल्याचा. तो रोग वेगळा. लसीकरणाने तो जगातून गेला, १९८० साली तसे जाहीर झाले. कांजिण्यांचा विषाणू निराळा, व्हॅरिसेला झोस्टर. त्या वणाने कांजिण्या टळत नाहीत.

हा विषाणू हवेतून आणि फोडांतल्या पाण्यातून पसरतो. लागण झाल्यावर १० ते २१ दिवसांनी फोड येतात. पण फोड दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून सगळ्यांवर खपली धरेपर्यंत मूल इतरांना रोग देत असते. दहा बाय दहाच्या खोलीत सहाजण झोपतात, तिथे ‘रुग्णाला वेगळे ठेवा’ असे आम्ही कोणत्या तोंडाने सांगावे? मात्र शेजारी निरोप देता येतो. लपवू नका. ज्या गरोदर बाईला पूर्वी कांजिण्या झालेल्या नाहीत, तिचा रुग्णाशी संबंध आला असेल तर फोडांची वाट न पाहता तिने त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. तान्ह्या बाळालाही धोका असतो. शुश्रूषा शक्यतो कांजिण्या होऊन गेलेल्या माणसाने करावी.

आंघोळीचे म्हणाल, तर हगवणीने लोळणाऱ्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः धुतले, ही विनयातली कथा आपण विहारात ऐकतो. मग आपले लेकरू आठ दिवस पारोसे का? साध्या पाण्याने आंघोळ घाला, नखे कापा, सुती कपडे घाला, नेहमीचे जेवण द्या. तापाला पॅरासिटामॉल, डॉक्टर सांगतील त्या मापाने. ॲस्पिरिन मुलाला मुळीच नको. यकृत आणि मेंदूला इजा होऊ शकते. धाप, गुंगी, सततच्या उलट्या किंवा फोडांभोवती गरम लाल सूज दिसली तर लगेच रुग्णालय गाठा. मोठ्या माणसांना कांजिण्या जड जातात, न्यूमोनियाही होतो. त्यांनी पहिल्याच दिवशी दाखवावे.

बरे झाल्यावरही विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दबून राहतो आणि उतारवयात नागीण होऊन उठतो. नागिणीचे तोंड-शेपूट जुळले की माणूस जातो, हे खोटे. ती बहुधा अंगाच्या एकाच बाजूला, एका पट्ट्यात येते. गेरू लावत बसू नका. तीन दिवसांत गोळ्या सुरू झाल्या तर त्रास कमी होतो. डोळ्याजवळ आली तर तासभरही थांबू नका.

जपानच्या मिचिआकी ताकाहाशी यांनी १९७४ मध्ये कांजिण्यांची लस तयार केली. बालरोगतज्ज्ञ तिचे दोन डोस सुचवतात. पण सरकारच्या मोफत लसीकरणात ती नाही, खिशातून पैसे मोजावे लागतात. वस्तीतल्या आयांना हे परवडत नाही, आणि आमच्या मते ही मागणी मंडळांनी लावून धरायला हवी.

तोवर एवढे करा. जयंतीच्या आठवड्यात मुलाच्या अंगावर फोड आले, तर निळा झेंडा त्याच्या हातात द्या आणि मिरवणूक दारातूनच पाहू द्या.