पोल्काडॉट: साखळ्या अनेक, पहारा एकच

ब्लॉकचेन नव्यानं समजून घेताय? मग पोल्काडॉट जरूर बघा. इथेरियमचे सहसंस्थापक गॅविन वुड यांनी २०१६ मध्ये याचा आराखडा मांडला; मे २०२० मध्ये नेटवर्क सुरू झालं.

अडचण अशी की बिटकॉइन काय, इथेरियम काय, प्रत्येक ब्लॉकचेन आपल्यापुरती. एकीवरची नोंद दुसरीला आपोआप कळत नाही. त्यात गर्दी झाली की शुल्क चढतं.

पोल्काडॉटमध्ये मधोमध रिले चेन, आणि तिला जोडलेल्या अनेक पॅराचेन. सगळ्यांचं काम एकाच वेळी चालतं, म्हणजे एका खिडकीऐवजी अनेक खिडक्या उघड्या.

मला सर्वांत भावते ती सुरक्षेची व्यवस्था. नव्या पॅराचेनला स्वतःचे राखणदार जमवावे लागत नाहीत. सामायिक राखणदार, म्हणजे व्हॅलिडेटर, ‘डॉट’ हे नाणं तारण ठेवून सगळ्यांचेच ब्लॉक तपासतात; लबाडी उघडी पडली तर तारण जप्त! कोणी कोणती पॅराचेन तपासायची हेही बदलत राहतं, त्यामुळे संगनमत अवघड. नवख्या प्रकल्पांसाठी हा फार मोठा आधार आहे.

पॅराचेन एकमेकींशी बोलतात ‘एक्ससीएम’ या ठरलेल्या संदेशभाषेत.

सबस्कॅन या संकेतस्थळावर पोल्काडॉटचे ब्लॉक कुणालाही बघता येतात. नाणं घ्यायचा विचार नंतर. आधी तिथे अर्धा तास घालवा.