मळका भात की मळकी नजर?

अमेरिकेच्या दक्षिणेला लुइझियाना राज्यात एक भात घरोघरी शिजतो. त्याचे नाव 'डर्टी राइस', म्हणजे मळका भात. कोंबडीची कलेजी आणि पेटा बारीक करून खरपूस परतला की पांढरा भात तपकिरी होतो. त्या रंगावरून हे नाव पडले. पण पांढरे ते स्वच्छ आणि तपकिरी ते मळके, हे ठरवले कोणी?

हॉटेलांच्या यादीत हा भात 'केजन' म्हणून मिरवतो. केजन म्हणजे मूळचे फ्रेंच शेतकरी. 1755 पासून इंग्रजांनी त्यांना आजच्या कॅनडातील अकेडियातून हाकलले आणि पुढे त्यांतले अनेक लुइझियानात वसले. तेही गरीब, विस्थापित. त्यांचा वाटा आम्ही नाकारत नाही. पण ते येण्याआधीच, 1719 मध्ये आफ्रिकी गुलामांची पहिली जहाजे तेथे लागली होती. भातशेती जाणणारी माणसे आणि बियाण्याचा भात घेऊन या, अशी कप्तानांना सूचनाच होती. म्हणजे माणसांबरोबर त्यांची विद्याही पळवली! 1724 च्या 'कोड न्वार' या गुलामांच्या कायद्याने तर गुलामाच्या हाती येईल ते सारे मालकाचेच ठरवले. चांगले मांस मालकाच्या मेजावर जाई आणि टाकाऊ मानलेले भाग राबणाऱ्यांच्या चुलीवर येत. त्यांना चव आणली ती याच हातांनी.

आता कृती. चार माणसांसाठी पाव किलो कलेजी-पेटा घ्यावा. पेटा चिवट असतो. तो मीठ घालून तासभर मऊ शिजवावा आणि ते पाणी राखून ठेवावे. मग पेटा व कच्ची कलेजी बारीक चिरून तेलात मोठ्या आचेवर परतावी. तळाला तपकिरी खरवड धरू द्यावी, कारण खरी चव तिच्यात आहे. त्यात कांदा, ढोबळी मिरची, सेलरी आणि लसूण घालावा. हे मऊ झाले की लाल तिखट, भरपूर मिरपूड, तमालपत्र आणि राखलेले पाणी घालून खरवड सोडवून घ्यावी. कलेजीत गुलाबीपणा राहू देऊ नये. पाणी आटले की चार वाट्या मोकळा, शिळा भात मिसळून वाफ आणावी. वर कांद्याची पात.

या वासाने आम्हाला आमच्या आजीची चूल आठवली. वजडी तिथे आवडीने शिजे, पण शाळेच्या डब्यात कधी आली नाही. आम्हीच लाजत होतो. शाहू पाटोळे यांनी 2015 मध्ये 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातील महार-मांगांच्या ताटाची नोंद केली, तेव्हा ही लाज कोणाची होती ते आम्हाला उमगले.

वकिलीत आम्ही रोज पाहतो. जमीन कसणारा एक आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचे. नोंद नसेल तर कसणाऱ्याचा हक्क सिद्ध करताना पिढ्या खपतात. अन्नाचेही तेच आहे. लुइझियानाच्या त्या भाताला चव देणाऱ्या असंख्य आफ्रिकी स्त्रियांची नावे कोणत्याही यादीत नाहीत. आपल्या घरातील म्हाताऱ्या अजून आहेत. त्यांच्या शेजारी बसा, त्यांची कृती वहीत उतरवा आणि वर त्यांचे पूर्ण नाव लिहा.