हातघडणीची नथ

पुण्यात लक्ष्मी रस्ता, सोन्या मारुती चौक आणि रविवार पेठ या भागांत सराफी पेढ्यांची दाटी असून तेथे विकला जाणारा बराचसा माल आज साच्यांतून व यंत्रांतून निघत असला, तरी मोत्याची नथ प्रामुख्याने कारागिराच्या हातीच बांधली जाते. आणि याचे कारण पेशवाईच्या अभिमानापेक्षा मोत्याच्या प्रकृतीत अधिक आहे.

ऑर्डरीच्या नथीत आधी माप ठरते. नाक टोचलेले असल्यास तारेचा फासा आणि नसल्यास चाप करावा लागतो, शिवाय नथीचा सारा भार नाकपुडीवर येत असल्याने चेहऱ्याची ठेवण पाहूनच आकार व वजन निश्चित होते. बावीस कॅरेटचे सोने, म्हणजे ज्यात सुमारे ९१.६ टक्के शुद्ध सोने व उरलेले तांबे-चांदीचे हीण असते असे सोने, मुशीत (उष्णता सोसणाऱ्या भांड्यात) आटवून त्याची कांब केली जाते आणि ती क्रमाने लहान होत जाणाऱ्या छिद्रांच्या पोलादी पट्टीतून, म्हणजे जंत्रीतून, ओढत तार बारीक केली जाते. ओढीने धातू ताठरतो, म्हणून तार अधूनमधून तापवून पुन्हा मऊ करावी लागते. ही सबुरी नसेल तर ती तुटते.

मोती मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असल्याने त्याला आच सोसत नाही आणि आम्लाचा स्पर्श झाला तरी त्याचे पाणी जाते. त्यामुळे टाकणखार लावून डाक देणे (कमी उष्णतेला वितळणाऱ्या मिश्रधातूने सांधे जोडणे), लाल-हिरव्या खड्यांची कोंदणे तयार करणे आणि आम्लात घालून सोने उजळणे, ही सर्व कामे मोती हाती घेण्यापूर्वीच संपवावी लागतात. पुढची बांधणी विस्तवाविना होते: वेज पाडलेला एकेक मोती केसासारख्या तारेत ओवून तिची टोके मुख्य तारेभोवती चिमट्याने वळवली जातात. पीळ जास्त बसला तर वेजाची कड टवकते, कमी पडला तर मोती डुलू लागतो, आणि दोन मोती कधीच अगदी एकसारखे नसल्याने किती पीळ द्यायचा हे दर वेळी बोटांनाच ठरवावे लागते.

इराणी आखातातून निघून बसऱ्याच्या बाजारपेठेमुळे त्या नावाने ओळखला जाणारा नैसर्गिक मोती, विसाव्या शतकात संवर्धित मोत्यांचा प्रसार झाल्यावर दुर्मीळ झाला. म्हणूनच आजीच्या नथीतले बसरा मोती सोडवून नव्या तारेत बांधून घेणे ही मोलाची प्रथा होय.

हॉलमार्कची सक्ती २०२१पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली असली, तरी दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या वस्तू तिच्यातून वगळलेल्या आहेत; साहजिकच हलक्या नथीच्या शुद्धतेबाबत सोनाराच्या सचोटीला आजही महत्त्व आहे. सोन्याच्या वजनावर घडणावळ आकारण्याची रूढ पद्धत मात्र येथे अन्यायकारक ठरते, कारण नथीत सोने थोडे आणि श्रम फार. बांधणीची मजुरी स्वतंत्रपणे धरली, तरच कारागिराला त्याच्या कामाचे दाम मिळते.