जाहीरनाम्यातल्या आगबोटी

आजच्या जिहादी संघटनांची बरोबरी १८५७ च्या उठावाशी करता येत नाही. पण धर्माच्या नावाने पुकारलेल्या युद्धामागे बाजार कसा उभा असतो, हे पाहायला झाशीसारखी जागा नाही.

आधी त्या वर्षीचा २५ ऑगस्टचा आझमगडचा जाहीरनामा वाचावा. तो मोगल शहजादा फिरोजशाहच्या नावावर सांगितला जातो. आरंभी महंमदी झेंडा आहे, महावीरी झेंडा आहे, धर्मासाठी उठा अशी हाक आहे. पुढे मात्र सगळा पैशाचा हिशेब. जमीनदारांना सांगितले आहे, सारा भरमसाट, थकला की जमिनीचा लिलाव. विणकर, पिंजारी, सुतार, लोहार, चांभार यांना, विलायती मालाने तुमचा धंदा बसवला. आणि व्यापाऱ्यांना, निळीचा, कापडाचा, जहाजावर चढणारा किफायतीचा माल फिरंग्यांनी आपल्या मुठीत ठेवला. बादशाही आली की तो व्यापार तुमचा, सरकारी आगबोटी आणि वाफेच्या गाड्या तुमचा माल फुकट वाहतील, भांडवल नसेल त्याला खजिन्यातून मदत मिळेल.

धर्मयुद्धाच्या कागदात आगबोटी! या मंडळींना जगाचा बाजार मोडायचा नव्हता, त्यात वाटा हवा होता.

झाशीचे दुखणे याच जातीचे. नोव्हेंबर १८५३ मध्ये झाशीचे राजे गंगाधरराव नेवाळकर वारले. पुढच्याच वर्षी गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तक नामंजूर करून संस्थान खालसा केले. राणी लक्ष्मीबाईला दरमहा पाच हजारांचा तनखा, वर त्यातूनच नवऱ्याचे कर्ज फेडण्याचा तगादा. महालक्ष्मीच्या देवळाची गावे काढून घेतली, गोहत्येची मोकळीक दिली. देवळाची गावे जाणे हा धर्मावरचा घाला म्हणायचा की उत्पन्नावरचा? ज्याची चूल त्या उत्पन्नावर पेटत होती, त्याला हा प्रश्नच पडला नसेल.

विलायती मालाबद्दलची जाहीरनाम्यातली तक्रार या मुलखात पुढे खरी ठरली. झाशीजवळच्या मऊ-राणीपूरचा खारवा नावाजलेला होता. जाड सुती कापड, आल नावाच्या वनस्पतीच्या मुळ्यांनी तांबडे रंगवलेले. आल सुमारे तीन वर्षे जमिनीत राहते, मग मुळ्या खोल खणून काढायच्या आणि कुटून रंग करायचा. या बुंदेलखंडी पिकाचा घात लढाईने केला नाही. १८७० नंतर युरोपातल्या कारखान्यांतून आलेल्या अलिझरिन या स्वस्त कृत्रिम रंगाने केला.

मार्च १८५८ मध्ये झाशीला इंग्रजांचा वेढा पडला, तेव्हा आत दहा हजार बुंदेले व विलायती आणि दीड हजार शिपाई असल्याचा इंग्रज सेनापती ह्यू रोजचा अंदाज होता. विलायती म्हणजे तलवारीच्या चाकरीवर जगणारे अफगाण. ते राणीसाठी जिवावर उदार होऊन लढले, आणि ते पगारी होते, ही दोन्ही विधाने खरी आहेत. दुसऱ्या बाजूलाही पैसा होताच. जिहाद पुकारणाऱ्या मौलवी अहमदुल्ला शाहला ५ जून १८५८ रोजी पवायाँच्या राजाच्या माणसांनी मारले. कंपनीने त्याच्यावर पन्नास हजारांचे इनाम लावले होते.

म्हणून कारण पैशाचे निघाले की गुन्हा सौम्य होतो, असे मी मानत नाही. ८ जून १८५७ रोजी झाशीच्या जोखन बागेत शरण आलेल्या गोऱ्यांची बायकामुलांसह कत्तल झाली. तिला कुठलाही सारा, कुठलाही लिलाव पुरा पडत नाही.

मात्र नुसता धर्मग्रंथ उघडून असली युद्धे उमगत नाहीत. १९८० च्या दशकातला अफगाण जिहाद अमेरिकी आणि सौदी पैशावर चालला. शस्त्रे कराची बंदरात उतरून पाकिस्तानी गुप्तहेर खात्यामार्फत पुढे जात. इस्लामिक स्टेटने तेलविहिरी ताब्यात घेतल्यावर तेल दलालांना विकले, आणि ही संघटना सीरियातल्या ज्या असद सरकारशी लढत होती त्याच्याकडेही ते पोचले.

आपल्याकडे रायगडच्या किनाऱ्यावर सोन्याचांदीच्या तस्करीची वाट आधीपासून मळलेली होती. होडीवाले, हमाल, ट्रक, हप्ते, सगळे जागच्या जागी. मुंबईतल्या १९९२-९३ च्या दंगलींच्या सुडाने पेटलेल्या तस्करांच्या टोळीला नवे काही उभारावे लागले नाही. जानेवारी १९९३ मध्ये दिघीला उतरलेला माल पोलिसांनी गोंडघर फाट्यावर अडवला आणि लाच घेऊन सोडला. फेब्रुवारीत शेखाडीला आरडीएक्स उतरले. १२ मार्चला मुंबईत बॉम्बस्फोटांत २५७ माणसे मेली. पहिला स्फोट शेअर बाजाराच्या इमारतीत झाला. पुढे खटल्यात बॉम्ब ठेवणाऱ्यांबरोबर कस्टम्सचे अधिकारी आणि पोलीसही दोषी ठरले.