घरकुलातल्या सामानाची मांडणी : आधी वाट, मग सोफा

लग्नसराई आटोपली की वस्तीतल्या बऱ्याच घरांत एक अडचण उभी राहते. सुनेच्या माहेरून आंदण येते : सोफा, दिवाण, आलमारी, टी-पॉय, कुलर. घर मात्र तेवढेच असते. आंदण घेऊच नये, हे आम्ही प्रत्येक बैठकीत सांगतो. पण आलेले सामान कुठे ठेवायचे, हा प्रश्न तरीही उरतोच. मग जिथे जागा दिसेल तिथे ते ठेवले जाते. खिडकीसमोर आलमारी उभी राहते, मधोमध टी-पॉय येतो आणि म्हाताऱ्या माणसाची बाज कोपऱ्यात सरकते.

आम्ही हाडांच्या वॉर्डात नोकरीला असताना सत्तरीच्या एक आजी खुब्याचे हाड मोडून भरती झाल्या. रात्री लघवीला उठल्या, घरातला लाईट लावला तर लेकरं जागी होतील म्हणून अंधारातच निघाल्या, आणि पडल्या. मुलगा डोक्याला हात लावून सांगत होता, "बाई, काल तिथं टी-पॉय नव्हता. आजच सरकवला." आजींच्या पायांना वीस वर्षांची वाट पाठ होती. ती एका संध्याकाळी बदलली आणि त्यांना कोणी सांगितले नाही. म्हाताऱ्या माणसाचा खुबा मोडला की ऑपरेशन, महिनोन्महिने अंथरूण, पाठीला जखमा, छातीत कफ, अशी रांगच लागते. घरातल्या कमावत्या माणसाची मजुरी बुडते ती वेगळी. म्हणून सामानाची मांडणी हा फक्त शोभेचा विषय नाही, आरोग्याचा आहे.

जागा किती आहे, ते आधी मोजा

रमाई आवास योजनेतले घरकुल २६९ चौरस फुटांचे, म्हणजे २५ चौरस मीटरचे धरले जाते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचेही किमान माप तेवढेच, आणि त्यातच स्वयंपाकाची जागा आली. अशा घरात समोरची खोली साधारण १० फूट रुंद आणि १२ फूट लांब निघते, म्हणजे १२० चौरस फूट. बसणे, जेवणे, झोपणे, अभ्यास, पाहुणे, सारे तिथेच.

आता सामान मोजू. तीन जणांचा सोफा सहा फूट लांब, अडीच फूट रुंद : १५ चौरस फूट. त्याच्या दोन खुर्च्या मिळून साडेबारा. दिवाण सहा बाय चार : २४. टी-पॉय, आलमारी, फ्रिज मिळून १३-१४. एकूण बेरीज ६५ च्या आसपास जाते. अर्ध्याहून जास्त खोली सामानाने घेतली. माणसांना उरली ती निम्म्याहून कमी.

दिवाण एका लांब भिंतीला आणि सोफा समोरच्या भिंतीला लावला, तर १० फुटांतून ४ आणि अडीच गेले. मध्ये साडेतीन फूट उरले. एवढ्यात माणूस चांगला चालतो, वॉकर घेतलेला रुग्णही जातो. पण त्यात दीड फुटाचा टी-पॉय मधोमध ठेवला की दोन्ही बाजूंना एकेक फूट राहते. तिथून तरुण माणूसही आडवा होऊन जातो. म्हणून या खोलीत टी-पॉय नकोच. चहाच्या कपाला छोटा स्टूल पुरतो, काम झाले की तो दिवाणाखाली जातो. सोफ्याच्या दोन खुर्च्या छपरीत ठेवा.

खडूने वाट आखा

सामान हलवायच्या आधी एक खडू घ्या. घरात सर्वांत म्हातारे किंवा आजारी कोण आहे, त्यांच्या बाजेपासून मोरी-संडासापर्यंत आणि दारापर्यंत जमिनीवर दोन रेषा ओढा. दोन रेषांमध्ये किमान अडीच फूट अंतर हवे. वॉकर किंवा चाकाची खुर्ची असेल तर तीन फूट. या पट्ट्यात काहीही ठेवायचे नाही : पाण्याची गुंडी नाही, चपला नाहीत, कुलरची वायर नाही, दुमडलेली सतरंजी नाही. पट्टा सरळ असावा. वाटेत छोटा रात्रीचा दिवा लावा, म्हणजे लेकरांची झोपही मोडत नाही आणि पायही दिसतो.

बाजेची उंचीही पाहा. काठावर बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट टेकले पाहिजेत. गुडघे कमरेच्या वर आले तर बाज ठेंगणी आहे, उठताना तोल जातो. पाय लोंबकळत राहिले तर ती उंच आहे. खोल गादीचा सोफा पाहुण्याला आवडतो, पण गुडघेदुखीच्या माणसाला त्यातून उठता येत नाही. त्यांच्यासाठी हाताची सरळ खुर्ची बरी.

खिडकी झाकू नका

आमच्या भेटीत सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच : खिडकीपुढे आलमारी. क्षयरोगाचे जंतू रुग्ण खोकला, बोलला की हवेत जातात आणि बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. समोरासमोर दार-खिडकी उघडी असली की हवा वाहते आणि जंतू विरळ होतात. म्हणून आलमारी खिडकी नसलेल्या भिंतीला लावा. दिवाण सहा फूट आणि आलमारी तीन फूट, दोन्ही एकाच १२ फुटी भिंतीला बसतात. मात्र आलमारी आणि टीव्ही भिंतीला पट्टीने किंवा खिळ्याने पक्के करा. लेकरू खणाला लोंबकळले की आलमारी अंगावर येते.

वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. स्लॅब आणि टिना दिवसभर तापतात आणि रात्री उष्णता खाली सोडतात. पश्चिमेची भिंत सर्वांत जास्त तापते, म्हणून उन्हाळ्यात म्हाताऱ्यांची आणि लहान बाळाची झोपण्याची जागा तिथून हलवा. कुलर खोलीत ठेवून दार-खिडक्या बंद केल्या तर ओलावा कोंडतो आणि घाम वाळत नाही. कुलर खिडकीबाहेर ठेवा, म्हणजे तो बाहेरची कोरडी हवा ओढेल, आणि समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा. तो उघड्या पायांच्या वाटेवर नको. पाणी भरताना आधी प्लग काढा. अर्थिंग नसेल तर वायरमनकडून करून घ्या. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासा, कारण डेंग्यूचा डास अंड्यापासून उडायला सात-दहा दिवसच घेतो.

खाली झोपणाऱ्यांची जागा

दिवाणावर दोघे झोपतात, बाकीचे खाली. पावसाळ्यात मण्यार साप रात्री घरात शिरतो आणि खाली झोपलेल्याला चावतो. दंश इतका बारीक असतो की कधी कळतही नाही. म्हणून अंथरूण भिंतीला चिकटवू नका, मच्छरदाणी चारही बाजूंनी गादीखाली खोचा. जळाऊ लाकडे, पऱ्हाटी, पोती झोपायच्या खोलीत नकोत. दिवाणाखाली अडगळ कोंबली की विंचवाला घर मिळते. फवारणीचा पंप आणि औषधाच्या बाटल्या तर घरात नकोतच. बाहेर, उंचावर, कुलुपात ठेवा. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने माणसे गेली, हे आपण विसरलेलो नाही.

जेवायची जागा सर्वांची

घरात डायनिंग टेबल नसले तरी काही बिघडत नाही. पाच माणसांना गोल बसायला सहा बाय पाच फुटांची मोकळी जागा पुरते. दिवाण आणि सोफा समोरासमोर ठेवले तर ही जागा राहत नाही, हे लक्षात घ्या. म्हणून जेवायच्या वेळी उचलून ठेवता येतील अशा खुर्च्या घ्या आणि जड सोफ्याचा हट्ट सोडा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना खुर्ची-स्टूल द्या, पण पंगतीतच.

बसायला जागा नाही म्हणून बाई चुलीपाशी, शेवटी, उरलेले खाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांना रक्तक्षय आहे. त्याला कारणे अनेक आहेत, पण शेवटी खाणे हे त्यातले एक आहे. सर्वांनी एकत्र बसले की भाजी आणि डाळ सर्वांच्या ताटात सारखी जाते.

गॅसचे सिलिंडर उभे, शेगडी त्याहून उंचावर, आणि जवळ खिडकी असावी. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडर बंद कपाटात ठेवू नका. वंदनेची जागा समोरच्या खोलीत भिंतीवर फळी लावून करा. मेणबत्ती आणि अगरबत्ती पडद्यापासून, घरात साठवलेल्या कापसापासून आणि सिलिंडरपासून दूर हवी.

एक खोली, वेळा अनेक

परळच्या डबक चाळीत बाबासाहेबांचे कुटुंब एकाच खोलीत राहत होते. स्वयंपाक, झोप, अभ्यास तिथेच. चरित्रकार सांगतात की सुभेदार रामजी मुलाला लवकर झोपवीत, स्वतः जागत आणि रात्री दोनला त्याला अभ्यासासाठी उठवीत. खोली वाढवता आली नाही, म्हणून त्यांनी वेळ वाटून घेतली. आपल्या घरातही हे करता येते. संध्याकाळी सात ते नऊ टीव्ही बंद, खिडकीजवळचा कोपरा आणि एक दिवा मुलामुलींच्या अभ्यासाला. भिंतीला घडीची फळी लावली की टेबलाची जागा वाचते. मुलीला त्या वेळेत भांडी घासायला उठवू नका.

एवढे सगळे एका दिवसात होणार नाही. आज रात्री फक्त एक करा. घरातल्या धडधाकट माणसाने लाईट बंद करून, भिंतीला हात लावून, आजीच्या बाजेपासून मोरीपर्यंत हळू चालून पाहावे. पायाला जे जे लागेल, ते उद्या सकाळी तिथून हलवावे.

जयभीम.