बोक्याची शुश्रूषा, हात न लावता

कोळीवाड्यात, चाळीत किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये वावरणाऱ्या, पण कुणाच्याच मालकीच्या नसलेल्या मांजरांचं एक ठरलेलं जगणं असतं. सकाळी मागच्या दारी बोंबलाचं डोकं, दुपारी गाडीखालची सावली, संध्याकाळी कुणीतरी ठेवलेला मासळी-भात. वाटी ठेवणारी बाई चार पावलं मागे सरकल्याशिवाय बोका पुढे येत नाही. तिच्या हातचं वर्षानुवर्षं खाल्लं, तरी तो हात अंगाला लागलेला त्याला खपत नाही. असा बोका एके दिवशी तीन पायांवर लंगडत येतो, किंवा गालावर लिंबाएवढी सूज घेऊन येतो. ज्याला शिवताही येत नाही त्याला बरं कसं करायचं, हा प्रश्न मग त्या बाईपुढे उभा राहतो.

तो बरा होऊ शकतो आणि घरातही होऊ शकतो. मात्र अर्धरानटी मांजर घरात घेतलं की दोन दुखणी घरात येतात. एक जखम आणि दुसरी भीती. जखमेकडे सगळ्यांचं लक्ष असतं. भीतीकडे दुर्लक्ष झालं, तर जखमेवरचे उपचारही वाया जाऊ शकतात.

ही भीती म्हणजे कृतघ्नपणा नाही. मांजराच्या पिल्लाला माणसाची सवय लागण्याचा काळ फार थोडा असतो, साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंतचा. फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी १९८०च्या दशकात केलेल्या प्रयोगांतून हे पुढे आलं. या काळात रोज माणसाच्या हाताळणीत राहिलेली पिल्लं पुढे माणसाकडे निर्धास्त येतात. जिन्याखाली किंवा माळ्यावर जन्मून, या आठवड्यांत माणसाचा स्पर्श न झालेलं पिल्लू मोठेपणी माणसाकडून खायला घेतं, पण पकडणारा हात त्याला शिकाऱ्याचाच वाटतो. मोठ्या वयात त्याची भीड थोडीफार चेपते. जखमी अवस्थेतले काही आठवडे ही त्यासाठी सर्वांत वाईट वेळ.

भीतीचे परिणाम शरीरावर मोजता येतात. घाबरलेल्या मांजराच्या रक्तातली साखर इतकी वाढते की मधुमेह झाल्याचा भास व्हावा. अंगात दबून राहिलेला नागिणीच्या कुळातला विषाणू ताणामुळे डोकं वर काढतो आणि आठवडाभरात शिंका, चिपडं डोळे सुरू होतात. मूत्राशयाला सूज येते, बोक्याची लघवी अडकू शकते. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या पशुवैद्यकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेलं निरीक्षण तर फार बोलकं आहे. रोजच्या वेळा बदलल्या, ओळखीची माणसं बदलली, एवढ्यानेच धडधाकट मांजरंही ओकू लागली, खाईनाशी झाली, ठरलेल्या जागेबाहेर घाण करू लागली. निरोगी मांजराची ही गत असेल, तर पाय मोडलेल्या आणि अनोळखी घरात कोंडलेल्या बोक्याचं काय होत असेल?

म्हणून पहिलं काम लांबून बघण्याचं. तोंड उघडून धापा टाकणारं, मागचे दोन्ही पाय फरफटत ओढणारं, हिरड्या पांढऱ्याफटक पडलेलं किंवा अंग गार लागणारं मांजर थेट पशुवैद्याकडेच न्यायचं. मांजराच्या अंगाचं नेहमीचं तापमान साधारण ३८ ते ३९.२ अंश सेल्सियस, म्हणजे आपल्यापेक्षा जास्त असतं. त्यामुळे ते हाताला गार लागणं हीच धोक्याची खूण. अशा गारठलेल्या मांजराच्या तोंडात दूध किंवा पाणी ओतू नये, ते फुप्फुसात जातं. फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली शेजारी ठेवावी आणि निघावं. मुंबईत रस्त्यावरच्या जनावरांसाठी परळचं बैलघोडा हॉस्पिटल १८८०च्या दशकापासून उभं आहे. इतर गावांत जिल्ह्याचं किंवा तालुक्याचं सरकारी पशुचिकित्सालय असतं.

पकडताना मानेची कातडी धरून उचलायची पद्धत आता पशुवैद्य टाळायला सांगतात. आई पिल्लाला तसं उचलते हे खरं, पण मोठ्या मांजराला त्यात बंदिवासच जाणवतो. जाड टॉवेल किंवा गोधडी अंगावर टाकून, डोकं झाकून, टॉवेलसकट टोपलीत किंवा पिंजऱ्यात सरकवणं बरं. ते जमण्यासारखं नसेल, तर बांगड्याचा तुकडा ठेवून आपोआप दार पडणारा पिंजरा लावावा. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या बहुतेक संस्थांकडे तो असतो. मांजर आत गेलं की पिंजऱ्यावर चादर टाकायची. अंधार झाला की फिस्कारणं थांबतं.

बोक्यांची सर्वांत नेहमीची जखम म्हणजे भांडणातला चावा. तो जवळून समजून घेण्यासारखा आहे. मांजराचे सुळे बारीक आणि लांब असतात. ते कातडीतून खोल मांसात जातात, पण वर उरतं ते जेमतेम टाचणीएवढं छिद्र, तेही केसांत लपलेलं. एक-दोन दिवसांत वरची कातडी मिटते आणि तोंडातले पाश्चुरेला नावाचे जिवाणू आत कोंडले जातात. दोन ते चार दिवसांत तिथे पू साचतो, ताप चढतो, बोका कोपऱ्यात मलूल पडून राहतो, वाटीकडे फिरकत नाही. समोरासमोर भिडलेल्या बोक्याचं गळू गालावर, कपाळावर किंवा पुढच्या पायावर असतं. पळताना चावा बसला असेल, तर शेपटीच्या मुळाशी.

मग एके दिवशी गळू फुटतं. घाणेरड्या वासाचा, तांबूस-पिवळा पू वाहू लागतो आणि तिथे रुपयाएवढी उघडी जागा दिसते. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. प्रत्यक्षात बोक्याच्या सुटकेची सुरुवात तिथूनच होते. कोंडलेला पू गेला की ताप उतरतो आणि अनेकदा त्याच दिवशी भूक परत येते. अशी जखम बाहेरून लवकर मिटणं धोक्याचं, ती आतून भरत बाहेर यायला हवी. पशुवैद्य म्हणूनच गळू उघडून धुतात आणि बऱ्याचदा मुद्दाम शिवत नाहीत. घरी धुण्यासाठी उकळून गार केलेल्या अर्धा लिटर पाण्यात सपाट चमचाभर मीठ पुरे. हळदीचा लेप नको, त्याने तोंड बुजतं आणि मांजर तो चाटून पोटात घेतं.

पावसाळ्यात आणखी एक संकट असतं. उघड्या जखमेवर माशा अंडी घालतात आणि दिवसभरात आळ्या वळवळू लागतात. गुरांच्या जखमेत टर्पेंटाइन ओतायची रीत अनेकांनी गावी पाहिलेली असते. मांजराच्या बाबतीत ती जिवावर बेतते, कारण टर्पेंटाइन कातडीतून आणि चाटण्यातून अंगात जातं. अशा वेळी आळ्या पशुवैद्याने चिमट्याने काढाव्यात.

घरगुती औषधांचा विषय निघाला की एक गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी कमीच आहे. तापावरची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नये. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी त्याचा जीव घेऊ शकते. माणसाच्या यकृतात असे पदार्थ निष्प्रभ करून बाहेर टाकणारी विकरं असतात. त्यांतलं एक महत्त्वाचं विकर बनवणारा जनुक मांजरात निकामी आहे. फक्त मांजरातच नव्हे, मार्जारकुळातल्या तपासलेल्या सगळ्या प्रजातींमध्ये तो मोडलेला आढळला. निव्वळ मांसावर जगणाऱ्या या प्राण्यांच्या पूर्वजांना वनस्पतींतल्या विषांशी झुंजायची फारशी गरज पडली नाही, आणि न लागणारा जनुक बिघडला तरी कुणाचं अडलं नाही, असा त्याचा अर्थ लावला जातो. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या त्या बिघाडाची किंमत आज एखादा बोका मायेने दिलेल्या गोळीपायी मोजतो. त्याच्या रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेईनासं होतं, हिरड्या चॉकलेटी पडतात, तोंड सुजतं. वेळेत नेलं तर उतारा आहे, ॲसिटिलसिस्टीन हे औषध. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, जखमेवर डेटॉल, फिनाइलने पुसलेली फरशी, कुत्र्याच्या गोचिडांवरचं पर्मेथ्रिन, हे सगळंही मांजरापासून लांबच ठेवायचं.

पशुवैद्याने दिलेल्या औषधांतही बारकावे असतात. डॉक्सिसायक्लिनची कोरडी गोळी घशाखाली अन्ननलिकेत अडकली, तर तिथलं अस्तर जळतं आणि नळी कायमची अरुंद होऊ शकते. म्हणून ती खाण्यात मिसळून किंवा मागोमाग पाणी पाजून द्यावी लागते. अर्धरानटी मांजराला दिवसातून दोनदा जबडा उघडून गोळी भरवणं ही तर रोजची लढाईच. तिच्यात माणूस रक्तबंबाळ होतो आणि मांजराचा उरलासुरला विश्वास जातो. हे पशुवैद्याला आधीच सांगून ठेवावं. भूल दिलेली असतानाच जखम साफ करणं, केस कापणं, एक्स-रे काढणं आणि मिळालं तर सुमारे दोन आठवडे पुरणारं प्रतिजैविकाचं एकच इंजेक्शन देणं, असं सगळं एका फेरीत उरकता येतं. घरी मग हात लावायची वेळच फारशी येत नाही, आणि या पेशंटसाठी त्याहून मोठी सोय नाही.

घरात त्याला जागा किती द्यायची? थोडी. पूर्ण खोली मोकळी दिली तर ते कपाटामागे घुसतं आणि त्याला ओढून काढणं हा नवा छळ होतो. न्हाणीघर किंवा मोठा पिंजरा पुरतो. आत एका बाजूला माती किंवा वाळू घातलेलं घमेलं, दुसऱ्या बाजूला वाट्या, आणि मध्ये लपायला एक खोका. या खोक्याचं महत्त्व नेदरलँड्समधल्या उट्रेक्ट विद्यापीठाने तपासलं आहे. निवाराघरात नव्याने आलेल्या काही मांजरांना लपायला खोका दिला, काहींना नाही. खोका मिळालेली मांजरं पहिल्याच दिवसांत लक्षणीय शांत झाली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाचा खर्च वाण्याकडून आणलेल्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या खोक्याइतका आहे.

गाडीखाली सापडलेल्या मांजरांचं ओटीपोटाजवळचं हाड पुष्कळदा मोडतं. तुकडे फार सरकले नसतील, तर चार ते सहा आठवडे उडी मारता येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवणं हाच उपचार असतो. रानटी मांजर लपूनच बसतं, त्यामुळे ही विश्रांती त्याला पाळीव मांजरापेक्षा सोपी जाते. लघवी आणि शी होते आहे ना, हे मात्र रोज पाहावं लागतं. उंचावरून पडलेल्या मांजरांना काही होत नाही, अशी तर भलतीच दंतकथा पसरली आहे. न्यूयॉर्कच्या ॲनिमल मेडिकल सेंटरमधल्या पशुवैद्यांनी १९८७ साली अशा १३२ मांजरांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या आणि उपचार मिळालेल्यांपैकी ९० टक्के वाचल्याचं दिसलं. जागीच मेलेलं मांजर कुणी दवाखान्यात आणत नाही, हे त्या आकड्यात धरलेलं नसतं. वाचलेल्यांतही छातीला मार बसलेली मांजरं सर्वाधिक होती. पायांवर उतरलेलं, वरून ठीक दिसणारं मांजरही म्हणून एकदा तपासून घ्यावं.

खाणं ही सगळ्यांत तातडीची बाब. दोन-तीन दिवस काहीच न खाल्लेल्या मांजराच्या, विशेषतः जाड मांजराच्या, अंगातली चरबी यकृतात येऊन साठते. यकृत ती पेलू शकत नाही आणि कावीळ होते. जखम भरत असतानाही मांजर या उपासाने दगावू शकतं. त्यामुळे बोका उपाशी बसला असेल, तर दुसऱ्या दिवशीच पशुवैद्याला फोन करावा. खाणं किंचित कोमट केलं की वास दरवळतो आणि नाक चोंदलेलं मांजरही वाटीकडे वळतं. उकडलेली कोंबडी, काटे काढलेली मासळी चालते. कांदा-लसूण घातलेला रस्सा मुळीच नको, त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. दूधही नको, मोठ्या मांजरांना ते बहुधा पचत नाही. वाटी ठेवायची आणि खोलीतून निघून यायचं.

वेदना ओळखायला त्याला चाचपावं लागत नाही. मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ साली मांजराच्या चेहऱ्यावरून दुखणं मोजायची पट्टी तयार केली. कान बाजूला वळून सपाट झालेत का, डोळे आकसलेत का, नाकातोंडाचा भाग ताणलेला आहे का, मिशा ताठ पुढे आल्यात का, डोकं खांद्यांच्या रेषेखाली आहे का, या पाच गोष्टी दाराच्या फटीतूनही दिसतात. गुरगुर मात्र फसवी असते. जखमी, अगदी अखेरच्या घटका मोजणारं मांजरही गुरगुरतं. त्या कंपनांनी हाडं सांधतात, असं सर्रास सांगितलं जातं, पण तो अजून अंदाजच आहे.

जवळ बसायचंच असेल, तर जमिनीवर, तिरकं, नजर न रोखता बसावं. ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० साली दाखवलं, की माणसाने डोळे हळू अर्धे मिटून उघडले, तर मांजरही तसंच करतं आणि अनोळखी माणसाच्या हाताकडेही जास्त वेळा येतं. ही सवलत त्याच्याकडून आली तरच घ्यायची.

कितीही जपलं तरी चावा बसू शकतो. माणसाच्या हातात मांजराचा सुळा तितकाच खोल जातो आणि २४ तासांच्या आत हात सुजू लागतो. साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुऊन त्याच दिवशी डॉक्टरकडे जावं. रेबीज मांजरालाही होतो, तेव्हा लशीचा पूर्ण कोर्स घ्यावा. घरात आधीची मांजरं असतील, तर पाहुण्याला निदान दोन आठवडे वेगळं ठेवावं. पॅनल्यूकोपेनियाचा विषाणू घरात वर्षभरही तग धरतो आणि साध्या साबणाला दाद देत नाही. त्याला ब्लीचच लागतं, आणि तेही मांजराला खोलीबाहेर ठेवून वापरून मग जागा भरपूर पाण्याने धुवावी लागते.

जखम भरली, चाल सुधारली, बोका पिंजऱ्याच्या दाराला धडका देऊ लागला, की त्याला सोडायची वेळ झाली. तो जिथून आला तिथेच सोडायचा, ज्या वेळेला वाटी मिळायची त्याच वेळेला. लांबच्या ‘चांगल्या’ जागी सोडलेला बोका परत यायची धडपड करतो, वाटेत गाड्या असतात आणि तिथल्या बोक्यांशी नव्याने भांडणं होतात. सोडण्याआधी, पशुवैद्याने तब्येत धडधाकट ठरवल्यावर, नसबंदी आणि रेबीजची लस उरकून घेणं शहाणपणाचं. नसबंदी झालेले बोके कमी भटकतात, कमी भांडतात आणि चाव्याची गळवंही कमी होतात. केंद्र सरकारच्या २०२३च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत मांजरांचाही समावेश आहे. शस्त्रक्रियेची भूल उतरायच्या आत एका कानाचं टोक सरळ रेषेत कापतात. ती खूण दहा पावलांवरूनही दिसते, त्यामुळे नसबंदी झाली आहे का हे बघण्यासाठी त्याला पुन्हा पकडावं लागत नाही.